दिसते, भरते, लागते, निघते, म्हणे : हातघडणीच्या सुरीच्या दृक्‌श्राव्य परीक्षणाची भाषा

१

आमच्या विभागातील एका विद्यार्थ्यास डोंगर-रानांत भटकण्याचा नाद आहे. गेल्या वर्षी त्याने रानात वापरण्याजोगी एक हातघडणीची सुरी मागविली. ती हाती घेऊन पाहण्याची सोय नव्हती. म्हणून तिचे परीक्षण करणारा एक व्हिडिओ त्याने तीन वेळा पाहिला आणि तेवढ्या आधारावर पैसे धाडले. पहिल्याच मुक्कामी वाळलेल्या लाकडाच्या ढलप्या काढीत असता सुरीच्या धारेचा टवका उडाला. सुदैवाने हाताला काही झाले नाही. पुढे कधी तरी विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यात स्वच्छ सांगितले होते की पोलाद उत्तम आहे." मी विचारले, "सांगणाऱ्याला ते कळले कसे?" आम्ही दोघांनी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. वक्ता मनमोकळा होता, माहीतगारही होता. परंतु माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात कोठेही मिळाले नाही.

हा प्रश्न लोहारकामाचा जितका आहे तितकाच भाषेचाही आहे. बोलणाऱ्यास एखादी गोष्ट कोणत्या मार्गाने कळली, हे वाक्यात कसे व्यक्त होते, याचा विचार भाषाशास्त्रात बराच झालेला आहे. 'ज्ञानस्रोत' ही क्रियापदाची एक व्याकरणिक कोटी मानावी, असे रोमान याकॉबसन यांनी १९५७ साली मांडले. कोलंबिया व ब्राझील या देशांच्या सीमाभागात बोलल्या जाणाऱ्या तुयुका भाषेत तर प्रत्यक्ष पाहिलेले, अन्य इंद्रियांनी जाणलेले, खुणांवरून ताडलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि गृहीत धरलेले असे पाच प्रकार क्रियापदाच्या प्रत्ययांनीच वेगळे दाखविले जातात, हे जॅनेट बार्न्स यांनी १९८४ साली सविस्तर दाखवून दिले. तुयुकाभाषकास 'पोलाद उत्तम आहे' एवढेच बोलून थांबता येत नाही. ते कसे कळले हेही त्याच वाक्यात सांगावे लागते.

मराठीत अशी सक्ती नाही. मात्र साधने आहेत, आणि ती फार नेमकी आहेत. सुरीच्या परीक्षणाचे उदाहरण घेऊन ती तपासावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम 'दिसते'. कॅमेरा जे पोचवू शकतो ते सर्व या क्रियापदाच्या कक्षेत येते: पात्याचा आकार, दोन्ही बाजूंचे उतार सारखे उतरले आहेत की नाहीत, पाठ सरळ आहे की नाही, मुठीचे लाकूड व पोलाद यांच्या सांध्यात फट राहिली आहे काय, म्यानाची शिवण कशी आहे. येथे परीक्षक 'हे बघा' म्हणतो आणि बोट दाखवितो. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात ज्याला डोळ्यांसमोरचा निर्देश म्हटले, तो हाच. येथे प्रेक्षकास परीक्षकाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नसते. तो स्वतःच साक्षी असतो. तथापि 'दिसते' या क्रियापदास दोन अर्थ आहेत हे विसरता कामा नये. 'मला पाते दिसते' यात दर्शन आहे. 'पाते मजबूत दिसते' यात तर्क आहे. शिवाय भिंगाजवळ धरलेली वस्तू आहे त्याहून मोठी भासते. म्हणून जाणता परीक्षक सुरीशेजारी मोजपट्टी ठेवतो.

मोजपट्टी आली की 'भरते' हे क्रियापद येते. 'वजन दोनशे ग्रॅम भरले', 'जाडी चार मिलीमीटर भरली', असे आपण म्हणतो. दिसण्याला पाहणारा लागतो, भरण्याला तराजू लागतो. या क्रियापदाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या हातातून ऐकणाऱ्याच्या हातात जशीच्या तशी जाते. म्हणूनच परीक्षणाचा हा भाग सर्वांत कोरडा आणि सर्वांत विश्वसनीय असतो.

तिसरे 'लागते', आणि येथून अडचणीस प्रारंभ होतो. मूठ हाताला खडबडीत लागते, पाते पुढच्या अंगाला जड लागते. रसनेचे आणि स्पर्शाचे ज्ञान मराठी या एकाच क्रियापदाने सांगते. शिवाय इजा झाली तरी आपण 'लागले' असेच म्हणतो. सुरीच्या मुठीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात. जी मूठ पाच मिनिटे हाताला सुखद लागते तिचीच कड तासभर लाकूड तासल्यावर तळहाताला लागू लागते आणि फोड येतो. 'लागते' या क्रियापदास अनुभविता हवा असतो. कोणाला लागते हे सांगितल्यावाचून ते वाक्य अपुरे राहते. परीक्षकाचा पंजा केवढा, त्याने किती वेळ काम केले, हात ओला होता की कोरडा, हे त्याने सांगितले तर प्रेक्षकास आपल्या हाताशी ताडून पाहता येते. 'मूठ हातात छान बसते' एवढ्याने काहीच हाती लागत नाही.

३

चौथे क्रियापद 'निघते', आणि माझ्या मते परीक्षणाचे मर्म यात आहे. आंबा पिवळा दिसतो आणि आंबट निघतो. जे आत दडलेले असते व वापरानेच बाहेर येते, त्यासाठी मराठीने हे क्रियापद राखून ठेवले आहे. सुरीत दडलेली गोष्ट म्हणजे तिचे पाणी.

लोहार पोलादाला 'पाणी देतो' म्हणजे नेमके काय करतो, हे थोडक्यात पाहू. हातघडणीच्या सुऱ्यांत नेहमी वापरले जाणारे साधे कार्बनयुक्त पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याची अंतर्रचना पालटते. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास नाहीसे होते. म्हणून पुष्कळ कारागीर तापलेल्या पात्याला लोहचुंबक लावून उष्णतेचा अंदाज घेतात. मग ते पाते तेलात बुडवून झटकन निवविले जाते. या अवस्थेत ते अत्यंत कठीण परंतु काचेसारखे ठिसूळ असते. त्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवितात; तेव्हा घासलेल्या पृष्ठावर गवतासारखी पिवळसर झाक चढते. पहिल्या वेळी उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर पोलादाचे कण मोठे होऊन पाते ठिसूळ निघते. कमी पडली तर मऊ निघते. पुढे घासूनपुसून लख्ख केल्यावर उत्तम पाण्याचे, ठिसूळ आणि मऊ अशी तिन्ही पाती सारखीच दिसतात. या ठिकाणी कॅमेऱ्याचा काही उपयोग होत नाही.

येथे पुष्कळ परीक्षकांच्या हातून एक घोटाळा होतो. सुरीने कागद सरसर कापून दाखविला जातो आणि त्यावरून पोलादाची वाखाणणी केली जाते. वास्तविक कागद कापला गेला यावरून धार तीक्ष्ण आहे एवढेच सिद्ध होते. धार ही निसण्याची करणी आहे. पाणी ही भट्टीची करणी आहे. मऊ पोलादालाही घटकाभर कागद कापण्याइतकी धार लावता येते. ती टिकते किती, हा खरा प्रश्न आहे. आपल्या भाषेने 'धार' आणि 'पाणी' हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. मात्र बोलण्याच्या ओघात त्यांची गल्लत होते.

पाण्याची परीक्षा पडद्यावर दाखविताच येत नाही असे नाही. पितळी सळईवर धार तिरपी टेकवून दाबली असता ती किंचित लवते. दाब काढताच पूर्ववत झाली तर पाणी योग्य. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ. टवका उडाला तर ठिसूळ. परंतु सर्वांत कडक परीक्षेत सुरी शिल्लक राहत नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची पहिल्या पायरीची कसोटी प्रसिद्ध आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडावयाचा, जाड लाकडी पट्टी दोनदा तोडावयाची, त्यानंतरही त्या धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पाते शेगड्यात धरून ९० अंशांत वाकवावयाचे. ते दुभंगता कामा नये. हे सारे केल्यावर ते पाते कामातून जाते. म्हणजे कसोटी लागते ती त्या सुरीला नव्हे, तर घडविणाऱ्या हाताला. त्याच्या पुढच्या सुऱ्यांविषयी आपण जे म्हणतो ते अनुमान होय.

कारखान्यातील सुरी आणि हातघडणीची सुरी यांत परीक्षणाच्या दृष्टीने मोठा भेद आहे तो येथेच. एकाच भट्टीतून एकाच मापाने निघालेल्या हजार सुऱ्यांपैकी एकीविषयी जे निघाले, ते बहुधा इतरांविषयीही खरे असते. हातघडणीत मात्र प्रत्येक पात्याला पाणी निराळे दिलेले असते. 'सुरी चांगली आहे' या मराठी वाक्यात ही एक सुरी की या कारागिराच्या सर्व सुऱ्या, हे स्पष्ट होत नाही. प्रेक्षक ते वाक्य जातिवाचक अर्थाने घेतो, आणि त्याच्या घरी येते ती दुसरीच व्यक्ती.

४

आता 'म्हणे'. पोलाद अमुक जातीचे आहे, रॉकवेल मापनाप्रमाणे त्याची कठिणता ६० आहे, या गोष्टी परीक्षकास सामान्यतः कारागिराकडून कळलेल्या असतात. मराठीत यासाठी 'म्हणे' हे अव्ययवत् रूप तयार आहे: 'कठिणता ६० आहे म्हणे'. परंतु या रूपास अविश्वासाचा वास येतो. कारागिराचा उपमर्द होऊ नये म्हणून सज्जन परीक्षक 'म्हणे' गाळतो आणि नुसते 'आहे' म्हणतो. शिष्टाचार पाळला जातो, पण ऐकीव गोष्ट प्रत्यक्षाच्या पंक्तीला जाऊन बसते. 'कारागिराच्या सांगण्याप्रमाणे' असे म्हटले असता दोन्ही साधते. सौजन्यही राहते आणि स्रोतही लपत नाही.

आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्या दृष्टीने पाहता 'दिसते', 'भरते' व 'लागते' हे प्रत्यक्ष, 'निघते' यात प्रत्यक्ष व अनुमान दोन्ही, आणि 'म्हणे' हा शब्द होय. पण हे झाले परीक्षकापुरते. परीक्षकाचे स्पर्शज्ञान प्रेक्षकापर्यंत पोचते ते केवळ शब्द म्हणूनच. आणि शब्द प्रमाण ठरण्यास वक्ता आप्त असावा लागतो. आप्त म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा आणि जाणली तशी सांगणारा. सुरी विकत घेतली की भेट मिळाली, हे सांगणे या दुसऱ्या अटीत मोडते. भारतातील अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ साली समाजमाध्यमांतील अशा व्यक्तींसाठी हितसंबंध उघड करण्याचे जे नियम केले, त्यांचे मूळ तत्त्व आपल्याकडे जुनेच आहे.

५

वरील विवेचनावरून दिसून येईल की घोटाळा 'आहे' या एका क्रियापदाने होतो. ते पाचही मार्गांनी आलेले ज्ञान एकाच रंगाने रंगवून टाकते. त्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही मूळ वाक्य पुन्हा लिहून पाहिले. 'पोलाद उत्तम आहे' याऐवजी जे तयार झाले ते असे: 'पोलाद उत्तम प्रतीचे असल्याचे कारागीर सांगतात, मी दोन दिवस ओले लाकूड तासले, धार उतरली नाही, वाळलेल्या लाकडावर ही सुरी मी चालवून पाहिलेली नाही.' शेवटचे वाक्यखंड मूळ व्हिडिओत असते तर त्या विद्यार्थ्याने सुरी कदाचित घेतलीही असती, परंतु पहिला घाव जपून घातला असता. आणि कारागिरालाही आपल्या भट्टीत काय चुकले ते शोधण्यास धागा मिळाला असता. त्याचे पोट या परीक्षणांवर चालते, हे विसरून चालणार नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे कामाला भरपूर वाव आहे. अशा परीक्षणांची लिप्यंतरे करून त्यांतील 'आहे'ची वाक्ये वेगळी काढावीत आणि प्रत्येकापुढे 'हे कसे कळले?' असा प्रश्न लिहावा. त्याच्या जोडीस गावोगावचे लोहार, घिसाडी व शिकलगार आपसांत पात्याची परीक्षा करताना कोणती क्रियापदे वापरतात, याचीही नोंद व्हावी. ज्यांना पाणी देता येते ते पाण्याविषयी कसे बोलतात, हे त्यांच्या भट्टीपाशी बसून ऐकल्यावाचून समजणार नाही.