स्वातंत्र्यवाद आणि त्याविषयीचे गैरसमज

व्यापाऱ्याने आर्थिक स्वातंत्र्याचा पुरस्कार केला, की हा गृहस्थ तत्त्वाच्या मिषाने आपला गल्ला सांभाळीत आहे, अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात सहज येते. ही शंका रागावून दूर होत नाही; तिला शांतपणे उत्तर द्यावे लागते. माणसामाणसांतील व्यवहार परस्परांच्या खुषीने व्हावेत आणि सरकारने आपले बळ जुलूम व लबाडी रोखण्यापुरतेच वापरावे, हे स्वातंत्र्यवादाचे मूळ सूत्र आहे. त्याविषयी तीन गैरसमज विशेष आढळतात.

हे धनिकांचे तत्त्वज्ञान आहे, हा पहिला गैरसमज. आपल्या देशाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबई योजने’वर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, कस्तुरभाई लालभाई अशा उद्योगपतींच्या सह्या होत्या, आणि तीत सरकारी नियोजनाला मोठे स्थान होते. याउलट १९५९ साली राजाजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाचे पहिले अध्यक्ष प्रा. एन. जी. रंगा हे शेतकऱ्यांचे पुढारी होते. महाराष्ट्रात १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढणारे शरद जोशीही शेतकरी चळवळीतलेच. कारण उघड आहे. ज्याच्या हाती परवाना आहे त्याला नियंत्रण तटबंदीसारखे उपयोगी पडते; बाहेर उभ्या असलेल्या नवख्याला तीच भिंत अडविते.

दुसरा गैरसमज असा, की स्वातंत्र्य म्हणजे कायद्याचा अभाव. वस्तुतः खोटे माप, भेसळ आणि मोडलेला करार यांना शासन करणारा कायदा स्वातंत्र्यवाद्यालाही हवाच असतो. येथे सराफ बंधूंना सुवर्ण नियंत्रणाचे स्मरण होईल. जानेवारी १९६३ मध्ये १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. उद्देश सोन्याची चोरटी आयात आणि परकीय चलनाची गळती थांबविण्याचा होता; परंतु असंख्य सोनारांच्या हातचे काम गेले. १९६६ साली ही अट शिथिल झाली, १९६८ साली स्वतंत्र कायदा आला आणि तोही १९९० साली रद्द झाला. हलके सोने २२ कॅरटचे म्हणून विकणाऱ्याला दंड करणे हा न्याय होय. २२ कॅरटचा दागिना तसा सांगूनच विकणाऱ्याला गुन्हेगार ठरविणे ही निराळी गोष्ट आहे. वादात हा भेद प्रथम स्पष्ट करावा.

स्वातंत्र्यवाद्याला दयामाया नाही, हा तिसरा गैरसमज. फ्रेंच लेखक फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० सालीच यातील चूक दाखविली होती. एखादे काम सरकारने करू नये असे म्हटले, की ते काम होऊच नये असे आपले मत असल्याचे प्रतिपक्ष धरून चालतो. आपल्या व्यापारी समाजाने पांजरपोळ, धर्मशाळा आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे कोणत्याही हुकुमावाचून चालविली. तथापि दानधर्म प्रत्येक गरजवंतापर्यंत पोहोचतोच, असा दावा करू नये. फ्रीड्रिख हायेक यांच्यासारख्या विचारवंतानेही १९४४ च्या आपल्या ग्रंथात किमान अन्नवस्त्रनिवाऱ्याची हमी सरकारने देण्यास हरकत घेतलेली नाही.

ही तिन्ही उत्तरे खरी असली, तरी ती देणाऱ्याच्या वर्तनावर त्यांचे वजन ठरते. अॅडम स्मिथने १७७६ साली बजावले होते, की एका धंद्याचे लोक एकत्र जमले म्हणजे त्यांचे बोलणे बहुधा गिऱ्हाइकाविरुद्धच्या मसलतीत किंवा भाववाढीच्या युक्तीत संपते. आपली मंडळे या इशाऱ्यातून सुटलेली नाहीत. सरकारने आमच्या व्यवहारात हात घालू नये असे एका ठरावात म्हणावयाचे, आणि घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांना आवरा अशी मागणी दुसऱ्या ठरावात करावयाची, हे जुळत नाही. त्या कंपन्या फसवणूक करीत असतील तर पुराव्यानिशी न्याय मागावा. केवळ त्या स्वस्त विकतात अशी तक्रार असेल, तर प्रारंभी सांगितलेली ती शंका गैरसमज राहत नाही. ती रास्त ठरते. म्हणून पुढील ठराव लिहिताना, आपल्याच पेठेत उद्या नवे दुकान थाटणाऱ्या तरुणाला तो मोकळ्या मनाने वाचून दाखविता येईल का, हे प्रत्येक सभासदाने आधी पाहावे.