फवारणीजन्य विषबाधा आणि वैद्याचे कर्तव्य

वाशी-तुर्भे येथील एपीएमसी मार्केट आपल्यापैकी अनेक औषधनिर्मात्यांना सुंठ, पिंपळी, हळद यांच्या खरेदीमुळे परिचित आहे. येथे रात्रभर मालाच्या गाड्या येतात. मालासोबत कधी शेतकरी स्वतःही येतो. माथाडी कामगारांपैकी अनेकजण सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतील असून त्यांची घरची शेती आहे. त्वचेवाटे शरीरात गेलेल्या कीटकनाशकाची लक्षणे काही तासांनंतरही प्रकटतात. दुपारी फवारणी करून रात्री गाडीत बसलेला मनुष्य बाजारात पोहोचल्यावर आजारी पडू शकतो. म्हणून हा विषय केवळ खेड्यातील वैद्याचा नाही.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि २० हून अधिक मृत्युमुखी पडले. पुरुषभर उंचीची कपाशी, दमट हवा, एकाहून अधिक कीटकनाशकांचे मिश्रण आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे तेव्हा पुढे आली. यातील बहुतेकांनी विष प्राशन केले नव्हते. ते त्वचा व श्वास यांवाटे गेले होते.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, लालास्राव, अतिस्वेद, उलटी, अतिसार, स्नायूंचे स्फुरण व श्वासकष्ट ही लक्षणे दिसतात. आरंभी केवळ डोकेदुखी व मळमळ असल्यास अम्लपित्ताचा भ्रम होऊ शकतो. तो टाळण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : "गेल्या दोन दिवसांत फवारणी केली काय?"

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २३ व्या अध्यायात विषाचे २४ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत वमन आहे, तसेच परिषेक आणि प्रतिविषही आहे. प्रस्तुत विषात वमन देऊ नये. त्वचेवाटे गेलेले विष आमाशयात नसते; आणि विष प्यायलेल्या रुग्णातही द्रावकमिश्रित द्रव फुप्फुसात जाण्याचे भय असते. परिषेक मात्र तात्काळ हवा : दूषित कपडे उतरवून केस, नखे व सर्वांग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. तेल चोळू नये. ग्लानी असल्यास दूध, तूप वा काढा तोंडावाटे देऊ नये.

येथील प्रतिविष म्हणजे अ‍ॅट्रोपीन. हे द्रव्य धत्तूरात आढळते. परंतु म्हणून धत्तूर देणे घातक ठरेल, कारण वनस्पतीतील मात्रा अनिश्चित असते. अ‍ॅट्रोपीन शिरेवाटे, निरीक्षणाखाली, वारंवार द्यावे लागते. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास धाडावे. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत द्यावी. आरंभीची लक्षणे शमल्यावरही एक ते चार दिवसांत श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात. म्हणून बरे वाटताच रुग्णास घरी नेऊ देऊ नये.

औषधनिर्मात्यांचा उत्पादकांशी थेट संबंध असतो. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये, या सूचना खरेदीच्या वेळी त्यांना अवश्य द्याव्यात. शेवटची फवारणी व काढणी यांतील अंतरही विचारावे. त्या चौकशीने औषधाची शुद्धी आणि ते पिकविणाऱ्याचे प्राण, दोहोंचे रक्षण होईल.