पिंजरा दयाळू आणि सापळा क्रूर?

न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळींशी परसातल्या उंदरांविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'मारायचं कशाला? पिंजऱ्यात धरावं आणि लांब नेऊन सोडावं.' सवय इथूनच नेलेली. पिंजऱ्यात भज्याचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी उंदीर दुसऱ्या गल्लीत सोडून यायचं, ही आपली भूतदया. दुसऱ्या गल्लीचं मत कुणी विचारत नाही.

न्यूझीलंडात 'लांब' नावाची निरुपद्रवी जागाच नाही. समुद्रातले प्राणी सोडले तर तिथले मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. त्यामुळे किवीसारखे पक्षी बिनधास्त जमिनीवर अंडी घालत आले. मग जहाजांतून उंदीर आले, फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले गेले, आणि 1880च्या दशकात सशांच्या बंदोबस्ताला मुंगसासारखे लांबुडके स्टोट सोडले गेले. जिथे या शिकाऱ्यांना आवर घातलेला नाही, तिथे किवीची सुमारे 95 टक्के पिल्लं प्रजननाच्या वयाआधीच मरतात; पिल्लांचा मुख्य शत्रू स्टोट. आपल्या परसातून उचललेला प्राणी आपण नेऊन सोडतो तो दुसऱ्या कुठल्या तरी घरट्याशेजारी.

'पण पिंजऱ्यात त्याला इजा तर होत नाही!' होते. प्राणी रात्रभर धडपडतो, तारा चावून तोंड फोडून घेतो, थंडी-पावसात कुडकुडतो. म्हणूनच 1999च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार जिवंत पकडणारा सापळा लावला, तर दुसऱ्या दिवसापासून रोज, सूर्योदयानंतर 12 तासांच्या आत तो तपासावाच लागतो. शनिवार-रविवार सहलीला गेलात आणि पिंजरा तसाच लावलेला राहिला, तर कायदा मोडलात. आणि तपासल्यावरही त्या प्राण्याला मारायचं काम उरतंच, तेही स्वतःच्या हातानं.

मारक सापळ्याची मात्र रीतसर परीक्षा घेता येते. तिथल्या राष्ट्रीय प्राणिकल्याण सल्लागार समितीची त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. घड्याळ लावून मोजतात, की तडाखा बसल्यावर प्राणी ठरावीक मिनिटांत कायमचा बेशुद्ध होतो की नाही. डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, तेही पाहतात. तेव्हा दया मोजायचीच असेल तर ती वेळेत मोजा. गंमत म्हणजे सापळ्याला क्रूर म्हणणारी काही घरं इथे खुशाल चिकट पुठ्ठा विकत आणतात. त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत चिकटून राहतो. न्यूझीलंडात 2015पासून मंत्र्यांच्या मंजुरीशिवाय असा पुठ्ठा वापरता येत नाही.

'एक दणकट सापळा सगळ्यांना पुरतो' हाही भ्रमच. संवर्धन विभागाचा 'डीओसी 200' उंदीर, स्टोट आणि हेजहॉगसाठी; अंगानं मोठ्या फेरेटला 'डीओसी 250' लागतो. पॉसमसाठी पिवळ्या डब्याचा 'टिम्स' निराळा. एकाच्या मापाचा सापळा दुसऱ्याला नुसता जखमी करून सोडू शकतो.

पॉसम फक्त पाला खातो म्हणता? कोकाको पक्ष्याच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लं खाताना तो 1993मध्ये चित्रफितीत सापडला.

आमिष म्हणून चीज चित्रकथांमध्येच शोभतं. उंदराला शेंगदाण्याचं बटर लावा, स्टोटला अंडं किंवा सशाचं मांस.

सापळा ज्या बोगद्यासारख्या खोक्यात बसवतात, तो बोगदा म्हणजे अनावश्यक खर्च नव्हे. पक्षी, पाळीव जनावरं आणि मुलांची बोटं सापळ्यापासून दूर राहतात ती त्याच्यामुळेच.

पहिल्या रात्री काही सापडलं नाही म्हणून सापळा वाईट ठरत नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काही दिवस चाप न लावता नुसतं आमिष ठेवा.

आणि प्रत्येक घरी सापळा हवाच असंही नाही. शहरी वस्तीत दर पाच परसांमागे एक, असं तिथल्या शिकारी प्राणी हटवण्याच्या चळवळीचं गणित आहे. जंगलात मात्र ठरावीक अंतरावर ओळी आखाव्या लागतात. मनाला येईल तिथे दोन-चार ठेवून भागत नाही.

परसापुरतं पाहायचं तर परीक्षेत उतरलेला उंदराचा सापळा बोगद्यात बसवून कुंपणाच्या कडेला ठेवा. पॉसम दिसला तरच दुसरा घ्या. पिंजरा वापरावा तो शेजाऱ्यांची मांजरं फिरत असतील तिथे, चुकून सापडलेलं मांजर सुखरूप सोडता यावं म्हणून. आणि तोही रोज तपासायची तयारी असेल तरच.