टपालाने व्हिडिओ गेम भाड्याने : उशीर कुठे होतो?

दरमहा वर्गणी घेऊन टपालाने व्हिडिओ गेम भाड्याने देणारी ‘गेमफ्लाय’ ही कंपनी २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. अशा सेवेत उशिराची मुख्य कारणे तीन:

परतीचा प्रवास : जुनी डिस्क परत आल्याची नोंद झाल्यावरच पुढची निघते. वितरण केंद्र लांब असेल, तर वर्गणीचे दिवस वाटेतच खर्च होतात.

मोजक्या प्रती : नव्या खेळाला एकदम मागणी येते, प्रती परत येईपर्यंत बाकीचे ग्राहक रांगेत राहतात.

छाननी यंत्रे : टपालाच्या यंत्रांत डिस्क तुटत. तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सची बरीच पाकिटे मात्र अमेरिकी टपाल खाते हाताने हाताळी. गेमफ्लायने २००९ मध्ये टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली. २०११ मध्ये आयोगाने हा भेदभाव अन्याय्य ठरवला.

नवीन जालन्याचे गणित : भारतात ‘सेव्हन्टीएमएम’सारख्या घरपोच डीव्हीडी सेवा मोठ्या शहरांभोवतीच फिरल्या. मुंबई-पुण्याहून जालना शहराच्या कुंडलिकेकाठच्या नवीन जालना भागात खेळाची डिस्क मागवायची, तर १९८६ पासूनची स्पीड पोस्ट सेवा आहे. पण प्रत्येक खेळामागे जाण्याचे आणि येण्याचे, असे दोन्ही वेळचे दिवस मोजावे लागतात. छोट्या शहरांतील मुलांसाठी जवळचे वितरण केंद्र हाच त्यावरचा खरा उपाय.