गळतीचा अहवाल कोण लिहिणार?

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019च्या रात्री फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

मातीच्या धरणातून झिरपणारं पाणी गढूळ झालं, की ते भरावातली माती बाहेर नेत असतं. आत पोकळी वाढते आणि बांध काही तासांत खचू शकतो. म्हणून ते पाणी पाहणारा कनिष्ठ अभियंता फार मोलाचा. पण ज्या कार्यालयात बढती आणि सोयीची बदली मर्जीतल्यांनाच मिळते, तिथे तो नकोसा अहवाल लिहायला कचरतो. अशा अहवालाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणं वरिष्ठावर बंधनकारक हवं, आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायलाच हवी.