ब्रूडरमधील पिल्लांना काम द्या : परसात सोडण्यापूर्वीची तयारी

परसातील कुक्कुटपालनासाठी वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले आता देशाच्या अनेक राज्यांत ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचत आहेत. यंत्रात उबवलेले एक दिवसाचे पिल्लू थेट परसात तग धरत नाही. म्हणून ते चार ते सहा आठवडे संगोपन केंद्रात वाढवून मगच कुटुंबाच्या हाती दिले जाते. या केंद्रांना ‘मदर युनिट’ असे म्हणतात. नावातील आईची ऊब, खाद्य आणि संरक्षण ही तीन कामे बहुतेक केंद्रे नेटाने पार पाडतात. चौथ्या कामाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते काम म्हणजे पिल्लांना दिवसभर गुंतवून ठेवणे.

खुडूक कोंबडी पिल्ले घेऊन उकिरड्यावर आली की काय करते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ती पायांनी उकरते, एखादा किडा वा दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकते आणि विशिष्ट आवाजाने पिल्लांना बोलावते. आकाशात घार दिसताच तिचा आवाज पालटतो व पिल्ले झुडपाखाली शिरतात. ब्रूडरमधील पिल्लाला यातले काहीच भेटत नाही. खाद्यपात्र सदैव भरलेले, पाणी समोर, ऊब वरून. काही मिनिटांत पोट भरते. परंतु टोचण्याची आणि उकरण्याची उपजत ओढ पोट भरल्याने शमत नाही. तुसात टोचण्यासारखे काही नसेल, तर चोच शेजारच्या पिल्लाच्या नव्याने फुटणाऱ्या पिसांकडे वळते.

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंड्यावरील जातींच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत हाच संबंध दिसून आला. ज्या पिल्लांना लांब काड्यांचा पेंढा चाळण्यास मिळाला, त्यांच्यात पिसे टोचण्याचे प्रमाण कमी राहिले. मुद्दा केवळ साहित्य देण्याचा नाही. पिल्लू किती वेळ त्यात रमते, यावर परिणाम अवलंबून असतो.

आपल्याकडे टोचाटोची सुरू झाली की पहिला विचार चोच कापण्याचा होतो. पिंजऱ्यातील व्यावसायिक कोंबड्यांच्या बाबतीत त्यावर वाद होऊ शकतो. परसात जाणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत मात्र तो उपाय सरळ चुकीचा आहे, असे आमचे मत आहे. हे पक्षी आपल्या अन्नाचा मोठा भाग स्वतः शोधणार आहेत. गवताचे बी वेचणे, पाला तोडणे, किडा पकडणे हे सारे टोकदार चोचीचे काम आहे. ती कापणे म्हणजे शेतमजुराच्या हातातील विळा काढून घेऊन त्याला कापणीस पाठविणे होय.

अर्थात टोचणे दिसताच प्रथम मूळ गोष्टी तपासाव्यात. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लास किमान अर्धा चौरस फूट आणि त्यानंतर सुमारे एक चौरस फूट जागा हवी. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ते उतरवावे. अतिउष्णतेने पिल्ले चिडचिडी होतात. खाद्यात प्रथिने वा मीठ कमी पडले, अंगावर उवा झाल्या, दिवा डोळ्यांत भरेल इतका प्रखर असला, तरीही पिसे टोचली जातात. या उणिवा पेंढ्याने वा पाल्याने भरून निघत नाहीत.

चोचीला आणि पायांना काम

पहिले तीन-चार दिवस तुसावर कागद अंथरलेला असावा व पिल्लांना खाद्य कोणते हे कळावे, एवढेच पुरे. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, म्हणून खरबरीत किंवा नालीदार कागद घ्यावा. कागद काढल्यानंतर गादी रोज हलवावी. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी एकदा मूठभर तांदळाची कणी किंवा भरडलेली बाजरी गादीवर विखरून टाकावी. प्रमाण इतकेच, की पिल्लांनी पाव तासात ते वेचून संपवावे. अधिक दिल्यास सुमारे २० टक्के प्रथिनांचे सुरुवातीचे खाद्य कमी खाल्ले जाईल आणि वाढ खुंटेल. दाणा व पाला सुरू करताच बारीक, स्वच्छ वाळूचे एक पसरट भांडे ठेवावे, कारण पिल्लाला दात नसतात आणि पेषणीतील खड्यांवाचून तंतुमय अन्न दळले जात नाही. ओली झालेली गादी त्याच दिवशी काढावी. ओलसर गादीत उकरणारे पिल्लू रक्ती हगवणीला आमंत्रण देते.

हिरवा पाला चिरून दिल्यास क्षणात फस्त होतो. शेवगा, लसूणघास किंवा मेथीची अख्खी जुडी पिल्लांच्या डोक्यापेक्षा किंचित उंच टांगावी. मान उंचावून, ओढून, तोडून खाण्यात त्यांचा बराच वेळ जातो आणि जुडी हलत असल्याने लक्षही तिच्यावर खिळून राहते. जुडी नायलॉनच्या दोरीने बांधू नये. सुटलेले धागे पिल्ले गिळतात. सुबाभळीचा पाला टाळावा, त्यातील मायमोसिन पिल्लांना बाधते. डोंगराळ भागातील अनेक घरांत वारुळाचे ढेकूळ फोडून वाळवी पिल्लांपुढे टाकण्याची पद्धत आहे. तीही उत्तम, मात्र त्या जागी कीटकनाशक पडलेले नसल्याची खात्री हवी.

धूळस्नानासाठी घमेल्यात कोरडी माती व लाकडाची थंड, चाळलेली राख ठेवावी. माती कोंबड्यांचा वावर नसलेल्या जागेची, उन्हात कडक वाळवलेली असावी. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख वापरू नये.

तिसऱ्या आठवड्यात बोटाएवढ्या जाडीचे बांबू जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंचीवर बसवावेत व पुढे उंची दुपटीपर्यंत न्यावी. हा खर्च नगण्य आहे आणि लाभ मोठा. स्वीडनमधील पाहणीत ज्या कळपांना चौथ्या आठवड्यापर्यंत दांडी मिळाली होती, त्यांच्यात पुढे जमिनीवर अंडी घालण्याचे व गुदद्वार टोचण्याचे प्रमाण कमी आढळले. परसात तर रात्री उंचावर बसण्याची सवय मुंगूस व मांजरापासून बचावास उपयोगी पडते.

अंधार, आवाज आणि बाहेरचे ऊन

सतत उजेडात वाढलेल्या पिल्लांची वीज अचानक गेली की ती घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. भारनियमन असलेल्या गावात हे नुकसान एका रात्रीत होते. म्हणून पहिले काही दिवस सरल्यावर थोड्या थोड्या अंधाराची सवय लावावी, उबेसाठी वेगळी सोय ठेवावी आणि चिक गार्डला कोपरे राहू देऊ नयेत.

दाणा विखरण्यापूर्वी रोज एकच आवाज करावा. डबा वाजवणे सर्वांत सोपे. आठवडाभरात पिल्ले त्या आवाजाकडे धावू लागतात. पिल्ले सुपूर्द करताना हा आवाज, तसेच चालू खाद्याची किमान आठवड्याची शिधा, कुटुंबाला द्यावी. संध्याकाळी नव्या खुराड्यात पिल्ले कशी बोलवावीत, हा प्रश्न मग पडत नाही.

बाहेर सोडण्यापूर्वी पाठ व मान पिसांनी पूर्ण झाकलेली असावी आणि निदान पाच-सहा दिवस कृत्रिम ऊब बंद असावी. प्रारंभी कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर, तासभर डालग्याखाली किंवा जाळीच्या फिरत्या कुंपणात ठेवावे. वरून जाळी आवश्यक, घार वाट पाहत असते. पावसाळ्यात घाई करू नये. भिजलेले पिल्लू लवकर गारठते. मानमोडी, गंबोरो व देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकांच्या वेळापत्रकानुसार दिलेल्या असाव्यात आणि लस टोचल्या दिवशीच स्थलांतर करू नये.

एखाद्या पिल्लाला रक्त आलेले दिसल्यास ते तत्काळ वेगळे काढावे, जखमेवर जेंशन व्हायोलेट लावावे आणि जखम भरल्यावर एकट्याने नव्हे, तर आणखी दोन-तीन पिल्लांसोबत संध्याकाळच्या अंधारात परत सोडावे.