पिल्लाच्या पिसवा, घरातल्या पिसवा

पिसू हा पंख नसलेला, सहा पायांचा, तांबूस तपकिरी रंगाचा कीटक आहे. लांबी 1 ते 3 मिलिमीटर. अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे केसांच्या दाटीतून ती सरसर पळते, आणि कवच कठीण असल्यामुळे बोटांच्या चिमटीत धरली तरी मरत नाही. नखावर नख दाबले तरच फुटते. कुत्र्याच्या पिल्लावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा मांजराची पिसू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीची, किंवा तिच्या अगदी जवळच्या आशियाई जातीची असते. कुत्र्याची पिसू अशी वेगळी जात आहे खरी, पण कुत्र्यांवरही ती त्या मानाने कमी आढळते. गोचीड हा मात्र निराळाच प्राणी. त्याला आठ पाय असतात, तो उडी मारत नाही, कातडीत तोंड रुतवून एकाच जागी फुगत बसतो. दोघांवरची औषधे नेहमी एकच असतात असे नाही, म्हणून आधी काय सापडले आहे ते नीट पाहून घ्यावे लागते.

पिल्लू मागच्या पायाने मान खाजवू लागले, शेपटीच्या बुडाशी दात लावून कुरतडू लागले, की पिसवांची शंका घ्यायची. पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: शेपटीचे बूड, जांघ, पोटाचा उघडा भाग, कानामागे आणि मानेभोवती. पिल्लाला जुन्या पांढऱ्या चादरीवर उभे करून उवा काढायच्या बारीक दातांच्या फणीने केस उलगडत गेले की एखादी पिसू फणीत अडकते. ती नाहीच अडकली तरी चादरीवर काळे बारीक कण पडतात. ही पिसवांची विष्ठा. तिच्यात बहुतांश वाळलेले रक्तच असते. हे कण ओल्या कापसावर ठेवावेत. साधी धूळ असेल तर ती काळीच राहते. विष्ठा असेल तर कणाभोवती गंजासारखा तांबडा डाग पसरतो. एकही पिसू डोळ्यांना दिसली नाही तरी हा डाग पुरेसा पुरावा आहे.

मोठ्या कुत्र्याला पिसवा म्हणजे त्रास. लहान पिल्लाला त्या जिवावर बेतू शकतात. एक मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 15 पट रक्त पिते. साधारण 72 माद्या मिळून दिवसाला 1 मिलिलिटर रक्त काढतात, आणि 1 किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात रक्त असते जेमतेम 80 ते 90 मिलिलिटर. गाडीखाली किंवा बांधकामाच्या वाळूत जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात बहुधा जंतही असतात आणि त्यांतले काही तेच रक्त पितात. म्हणून पिल्लू घरी आणल्यावर सर्वांत आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असतील तर पुढचे काम घरी सुरू करता येते. पांढुरक्या असतील, पिल्लू मलूल असेल, तर अंघोळ-बिंघोळ बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

औषध ठरते वयावर आणि वजनावर. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचे वय कोणालाच ठाऊक नसते, पण दात ते बऱ्यापैकी सांगतात. डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास सगळे आलेले असतात. पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात दिसू लागले, तर पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचे आहे. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालतो. तो नसेल तर पिल्लाला हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे.

पिल्लू चार आठवड्यांहून लहान असेल तर त्याला अंगाची ऊब टिकवता येत नाही. अंघोळीने ते गारठून जाते. त्याच्यासाठी फणीच खरी. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग ओलसर करायचे, म्हणजे पिसवांना पळता येत नाही; मग फणी फिरवायची आणि दर खेपेला ती साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायची. साबणाला महत्त्व आहे. नुसत्या पाण्यात पिसू बराच वेळ तरंगत राहते आणि कोरडी झाली की पुन्हा उडी मारते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ती बुडते.

थोड्या मोठ्या पिल्लाला अंघोळ घालताना बहुतेक जण पाठीवर पाणी ओतून सुरुवात करतात. पाणी लागताच पिसवा कोरड्या जागेकडे, म्हणजे डोक्याकडे धावतात आणि कानांत, डोळ्यांभोवती गोळा होतात. तिथे फेस लावता येत नाही. म्हणून आधी मानेभोवती फेसाचे जाड कडे करून वाट अडवायची, मग मानेपासून शेपटीकडे यायचे. सौम्य शाम्पूचा फेस पाचेक मिनिटे अंगावर राहू द्यायचा, मग कोमट पाण्याने धुऊन पिल्लाला लगेच टॉवेलने कोरडे करायचे. अंघोळीने अंगावरच्या बऱ्याच पिसवा निघतात, पण तिचा असर पिल्लू वाळेपर्यंतच. संध्याकाळी अंथरुणातून नव्या चढतात.

टिकणारे काम औषध करते. फिप्रोनिलचा फवारा काही उत्पादनांच्या सूचनांप्रमाणे दोन दिवसांच्या पिल्लावरही चालतो, मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. नायटेनपायरमची गोळी चार आठवड्यांनंतर आणि सुमारे 900 ग्रॅम वजनानंतर देता येते. ती अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, पण तिचा परिणाम एका दिवसापुरताच असतो. सेलामेक्टिन सहा आठवड्यांनंतर आणि फिप्रोनिलचे मानेवर सोडायचे थेंब आठ आठवड्यांनंतर वापरतात. हे थेंब केसांवर नाही, कातडीवर पडायला हवेत: खांद्यांच्या मधोमध केस दुभागून, जीभ पोहोचणार नाही अशा जागी. थेंब सोडण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन दिवस अंघोळ नको. चघळून खायच्या महिनाभर टिकणाऱ्या गोळ्याही आहेत. त्यांतल्या अफॉक्सोलानरच्या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने 2018 मध्ये दिली होती. त्यामुळे पूर्वी कधी झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

औषधाच्या दुकानात मात्र वेगळेच घडते. गोचिडांसाठी सर्रास खपणारे अमिट्राझ पिसवांसाठीही हातात पडते. पिसवांवर त्याचा भरवसा नाही आणि लहान पिल्लाला ते घातक ठरू शकते. मोठ्या कुत्र्याची नळी अर्धी-अर्धी करून दोन पिल्लांना लावणे हाही असाच अंगाशी येणारा काटकसरीचा प्रकार. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कोणतेही कुत्र्याचे औषध घरात आणू नये. मांजराचे शरीर ते पचवू शकत नाही.

घरगुती उपायांपैकी कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी पिल्लाला सहसा अपाय करत नाही, पण त्यावर विसंबूनही राहता येत नाही. बाकीच्यांबद्दल इतके सौम्य बोलण्याचे कारण नाही. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते फुप्फुसात उतरू शकते. डांबराच्या गोळ्या, कापूर आणि लसूण ही तिन्ही पिल्लाच्या पोटात गेली तर विषारी आहेत. फिनेलने पुसलेली फरशी माणसाला स्वच्छ वाटते. पिल्लू मात्र त्याच फरशीवर लोळते आणि मग पंजे चाटते.

एवढे सगळे करूनही पिल्लाच्या अंगावर असतो तो पिसवांचा लहानसा हिस्सा. अंडी, अळ्या आणि कोष जमेस धरले तर प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या सुमारे 5 टक्केच भरतात. उरलेले सगळे घरात असते. पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, आणि ती दिवसाला 40 ते 50 पर्यंत जातात. अर्ध्या मिलिमीटरचे हे पांढरे अंडे गुळगुळीत असते, उवेच्या लिखेसारखे केसाला चिकटत नाही. पिल्लू झोपते, अंग झटकते, पलंगावरून खाली उडी मारते, तिथे तिथे अंडी सांडत जातात. घरात अंडी कुठे आहेत हे शोधायचे तर पिल्लाच्या दिवसभराच्या बैठका आठवाव्यात: पायपुसणे, दिवाणाखालचा कोपरा, सोफ्याच्या गाद्यांमधली फट, जिन्याखालचे गोणपाट.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम काही मिलिमीटरची असते, तिला डोळे नसतात, आणि ती उजेडापासून दूर, खाली खाली जाते: सतरंजीच्या धाग्यांत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत. तिचे मुख्य अन्न म्हणजे प्रौढ पिसवांची वरून गळणारी विष्ठा. अंड्यांसोबत पिलांची शिदोरीही खाली पडावी अशी ही सोय आहे. अळीची दुबळी बाजू एकच, कोरडी हवा. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली किंवा तापमान 35 अंशांवर चढले की ती मरते. विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात अंगणातल्या अळ्या टिकत नाहीत, तर मुंबईत आणि कोकणात दमट हवेमुळे त्यांना जवळजवळ बारमाही थारा मिळतो. पावसाळ्यात पिसवा अचानक वाढल्यासारख्या वाटतात त्याचे कारण हेच.

मग अळी रेशमासारख्या धाग्याचा कोष विणते. कोष चिकट असतो. त्यावर धूळ, केस, वाळू बसते आणि तो आजूबाजूच्या कचऱ्यात दिसेनासा होतो. कीटकनाशक त्यात नीट शिरत नाही. आतली पिसू तयार झाल्यावरही लगेच बाहेर येत नाही. दाब, हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतले काही जाणवले की ती क्षणात बाहेर पडते, नाहीतर चार-पाच महिनेही आतच थांबू शकते. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेले कुटुंब परत येते आणि कुलूप उघडून चार पावले टाकताच सगळ्यांच्या पोटऱ्यांवर पिसवा चढतात, ते यामुळे. पिसू वर उडते ती वीतभरच, म्हणून माणसाला चावे बहुतेक गुडघ्याखाली असतात.

घराची सफाई या क्रमानेच करायची असते. पिल्लाचे अंथरूण, पायपुसणी, गोधड्या 60 अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा जुने गोणपाट टाकून देणे सोपे. झाडू वरचा कचरा काढतो, सांध्यातला नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो दिवसाआड, पलंग आणि सोफा सरकवून फिरवावा. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांच्या 2007 च्या प्रयोगात व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी 96 टक्के आतच मेल्या. शिवाय यंत्राच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, तोही फायदाच.

फवारणी करायचीच असेल तर निव्वळ प्रौढ पिसवा मारणारे औषध पुरत नाही. त्यात मेथोप्रिन किंवा पायरीप्रॉक्सिफेन यांसारखे, अंडी आणि अळ्यांची वाढ रोखणारे द्रव्य हवे. मेथोप्रिन उन्हात विघटित होते, म्हणून ते घरातच उपयोगी. फवाऱ्याचा रोख फरशीच्या मध्यावर नव्हे, कडेला आणि फर्निचरखाली असावा. झुरळांसाठी लावायच्या जेलचा पिसवांवर काही परिणाम होत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना पिसवांसाठी असे स्पष्ट सांगावे लागते. फवारा पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू, मांजर आणि रांगते मूल दुसऱ्या खोलीत. माशांची काचपेटी झाकलेली आणि तिचा हवेचा पंप बंद.

इथून पुढचे काही आठवडे धीराचे असतात. औषध आणि फवारणी होऊनही पिसवा दिसत राहतात, क्वचित वाढल्यासारख्याही वाटतात, आणि औषध बनावट निघाले असा निष्कर्ष निघतो. खरे तर आधीच तयार झालेले कोष फुटत असतात. दमट, उबदार हवेत अंड्यापासून पिसूपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा आहे. ते कोष संपेपर्यंत थांबणे भाग असते. याच दिवसांत पिल्लाला गच्चीवर किंवा अंगणात बांधून ठेवण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि तेच चुकते. औषध लावलेले पिल्लू घरभर फिरत राहिले तर कोषातून निघणाऱ्या पिसवा त्याच्यावर चढतात आणि अंडी घालण्याआधी मरतात. पिल्लू बाहेर ठेवले तर त्या माणसांना चावतात, नाहीतर कोषात वाट पाहतात. औषध घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना, ज्याचे त्याला, एकाच वेळी आणि निदान तीन महिने चालू ठेवायचे असते.

पिसवांबरोबर आलेली एक गोष्ट उशिरा दिसते. पिसूच्या अळीने फीतकृमीचे अंडे खाल्लेले असले आणि ती पिसू पिल्लाने कुरतडताना गिळली, तर दोन-तीन आठवड्यांनी गुदाजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, कधी हलणारे तुकडे दिसतात. जंतांचे नेहमीचे प्रत्येक औषध यावर चालत नाही. प्राझिक्वांटेल असलेले लागते. पिसवा शिल्लक असतील तर ते देऊनही फीतकृमी परत होतात. काही पिल्लांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांच्या कमरेवरचे केस थोड्याच चाव्यांनी झडतात आणि कातडी लाल होते.

पिसू म्हटले की महाराष्ट्रात प्लेगची आठवण निघते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत उंदरावरच्या पिसवांचा त्यातला वाटा ओळखला. ती पिसू वेगळ्या जातीची. पिल्लाच्या पिसवांमुळे घरात प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. घरात उंदीर-घुशी असतील तर त्यांचा बंदोबस्त मात्र करावा, कारण त्यांच्या अंगावरूनही पिसवा येतात.

पिसवा संपल्या का, हे दोन गोष्टींवरून कळते. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून घरभर, विशेषतः पिल्लाच्या जागांवरून, सावकाश फिरले की मोज्यांवर काळे ठिपके उडतात किंवा उडत नाहीत. आणि आठवड्यातून एकदा फणी फिरवून आलेले कण ओल्या कापसावर पाहायचे. सलग महिनाभर मोजे कोरे राहिले आणि कापसावर तांबडा डाग पडला नाही, तर घर सुटले असे धरता येते. त्यानंतरही किनारपट्टीच्या दमट हवेत औषधाचा मासिक हप्ता वर्षभर, आणि कोरड्या भागात निदान पावसाळ्याच्या आरंभापासून थंडी पडेपर्यंत चालू ठेवावा लागतो; सोसायटीच्या आवारातली मांजरे आणि फिरायला नेताना भेटणारी कुत्री नव्या पिसवा घेऊन येतच असतात.